५,००० पक्ष्यांची करारावरची शेड टाकू की गावरान करू? नोकरी सोडायच्या आधी विचारतोय

मुरमाड_रान (जुन्नर)

नमस्कार मंडळी. वय २७, आयटीआय झालंय. चाकणला ठेकेदाराकडून कंपनीत आहे, हातात १६,५०० येतात. खोली आणि मेस जाऊन घरी सात-आठ हजार पाठवतो. गावी दोन एकर आहे, त्यातलं पाऊण एकर नुसता मुरूम, तिथे कुसळाशिवाय काही येत नाही. तिथे ३० बाय २०० ची ब्रॉयलर शेड टाकायचा विचार चाललाय. फॅब्रिकेशनवाल्याने सगळं धरून १३ लाख सांगितले. तीन लाख वडिलांकडे आहेत, दहा लाखांचं कर्ज. बँकेने सात वर्षांसाठी महिना १७ हजारांच्या आसपास हप्ता सांगितलाय.

कंपनीचा सुपरवायझर म्हणतो पिल्लं, खाद्य, औषध आमचं. शेड, वीज, तूस, मेहनत तुमची. वर्षाला सहा-सात लॉट, म्हणजे पिल्लं टाकल्यापासून उचलेपर्यंतच्या खेपा, आणि लॉटमागे ७५ हजार. एक एजंटही भेटलाय. तो म्हणतो केंद्राच्या योजनेतून निम्मी सबसिडी काढून देतो, फाइलचे १५ हजार आधी द्या.

आई म्हणते, कर्ज कशाला, तीनशे गावरान पाळ. मला मोबाईलवरच्या व्हिडिओतले आकडे नकोत, ते सगळे पाठ झालेत. ज्यांची शेड आहे त्यांनी खरं सांगा, हातात काय राहतं?

मळ्यातली_ताई (सिन्नर)

दादा, सुपरवायझरचा कागद जरा बाजूला ठेवा, मी माझी वही काढून बसलेय. आमची शेड २०११ पासून आहे, तुमच्याएवढीच. आमचे हे एसटीत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेड माझ्याकडे.

सहा-सात लॉट हे कॅलेंडरवरचं गणित. पक्षी ४० दिवसांत तयार होतो हे खरं, पण चाळिसाव्या दिवशी गाडी येतेच असं नाही. बाजार पडलेला असला की लिफ्टिंग लांबतं. आज सहाशे उचलतील, परवा हजार, आणि शेवटची गाडी ४६ व्या दिवशी रात्री दोनला दारात. मग खत काढा, शेड धुवा, चुना मारा, पंधरा दिवस मोकळी ठेवा. पुढची पिल्लं कधी द्यायची हे त्यांच्या हातात. श्रावणात माल विकायला नको म्हणून जूनअखेरीस पिल्लं टाकायला कुणी तयार नसतं. इतक्या वर्षांत माझे सहा लॉट एकदाच झाले. एरवी पाच, दोन वर्षं तर चारच.

आता एका लॉटचा हिशेब, चांगल्या लॉटचा. पाच हजार पिल्लांतली चार-साडेचार टक्के मर जाऊन वजनाला दहा-साडेदहा टन माल निघतो. १०,५०० किलो धरा. वाढणावळ, म्हणजे पक्षी वाढवल्याचे कंपनी देते ते पैसे, सात रुपये किलोने ७३,५००. खताचे १२,०००. हे झालं येणं. जाणं असं: तूस ७,०००, वीज ४,५००, ब्रूडिंगचा (लहान पिल्लांना ऊब द्यायचा) कोळसा नि गॅस ४,०००, चुना-फवारणी १,५००, गडी ५,०००. म्हणजे २२,०००. उरले ६३,५००. पाच लॉटचे ३,१७,५००. तुमचा हप्ता वर्षाला २,०४,०००. राहिले १,१३,५००, महिन्याला साडेनऊ हजारसुद्धा नाहीत. यात तुमची आणि घरच्यांची मजुरी मी धरलेलीच नाही, रात्रीची जाग तर सोडाच.

आणि तो सात रुपयांचा दर दगडावर कोरलेला नसतो. कंपनी सगळा खर्च लावून किलोमागे उत्पादन खर्च काढते. पिल्लाचे, खाद्याचे, औषधाचे पैसे त्यात त्यांच्याच दराने धरलेले असतात. त्यांनी ठरवलेल्या खर्चापेक्षा तुमचा कमी आला तर बक्षीस, जास्त आला तर कपात. सगळा खेळ एफसीआरचा, म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य गेलं त्याचा. माझ्या चांगल्या लॉटला पक्ष्याने ३ किलो ६०० ग्रॅम खाऊन २ किलो २०० वजन दिलं, म्हणजे १.६४. एकदा पिल्लंच बारीक आली, पेटी उघडताच कळलं होतं, एका पेटीत तीन आकार. त्या लॉटला १.८ च्या वर गेलं आणि दर पाच रुपयांच्या खाली आला. पिल्लू त्यांचं, खाद्य त्यांचं, कपात माझी. भांडले. सुपरवायझर बिचारा पोरसवदा, तो म्हणाला ताई माझ्या हातात काय आहे. ते खरंच होतं.

तरीही करार वाईट असं म्हणत नाही, कारण मी २०२० बघितलंय. फेब्रुवारीत मोबाईलवर अफवा फिरली की कोंबडीतून कोरोना होतो. आमच्या शिवेपलीकडच्या भाऊंचे चार हजार पक्षी स्वतःच्या पैशाचे होते. किलोला सत्तर-पंचाहत्तर खर्च झालेला पक्षी दहा-पंधरालाही कुणी उचलेना. खाद्य संपलं तशी त्यांनी मक्याचा भरडा घातला, मग तोही परवडेना. शेवटी फाट्यावर टेम्पो उभा करून फुकट वाटले आणि उरलेले खड्ड्यात गेले. त्यांचं कर्ज अजून फिटतंय. माझा त्या लॉटमध्ये एक रुपयाही बुडाला नाही, वाढणावळ उशिरा पण आली. मात्र नंतर साडेतीन महिने शेड रिकामी. हप्ते पुढे ढकलायची सवलत त्या वर्षी मिळाली होती, व्याज कुठे थांबलं होतं!

मे महिन्याचंही ऐका. एका वर्षी ३८ दिवसांचा लॉट, दुपारी बाराला वीज गेली ती साडेचारला आली. पाण्याचा बारीक फवारा मारणारे फॉगर बंद, पंखे बंद. इतके मोठे पक्षी एकमेकांना चिकटून बसले की खालची उष्णता तशीच अडकते. मी आणि सासूबाई हातात गोणपाट घेऊन पक्षी उठवत, चालवत शेडभर फिरत होतो. चोचा उघड्या, पंख पसरलेले, आणि धाप अशी की सगळी शेड एका सुरात हलतेय. सव्वातीनशे गेले. दुसऱ्या वर्षी पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, जनरेटर घेतला आणि सकाळी अकरा ते चार खाद्य उचलायला लागले. खाल्लं की अंगात उष्णता वाढते, म्हणून उपाशी ठेवायचं आणि थंड पाणी भरपूर द्यायचं. जनरेटरचे पैसे तुमच्या १३ लाखांत आहेत का ते बघा. नसणार.

सबसिडीचं: राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला ५० टक्के, २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. पण ते देशी पक्ष्यांचं पैदास केंद्र आणि उबवणीसाठी आहे. करारावरच्या ब्रॉयलर शेडला नाही. अर्ज ऑनलाइन स्वतः करता येतो. त्या एजंटला १५ हजार देऊ नका, चहाही पाजू नका.

शेड टाकू नका असं मी म्हणत नाही. दहा लाखांचा हप्ता मानेवर घेऊन टाकू नका. आणि एक विचारायचं राहिलं: शेडवर झोपणार कोण?

तांबडी_माती (राजापूर)

ताईंनी लिहिलंय ते वाचून घाम फुटला. आपला कारभार लहान. २५० पक्षी, काजूच्या बागेला जाळी मारून त्यात सोडलेले. घरची नऊ माणसं यावर जगत नाहीत, हे आधीच सांगतो. भात आहे, काजू आहे, त्याला ही जोड.

गावरानात पैसा आहे पण तो नगावर आहे, किलोवर नाही. आणि दिवस ठरलेले आहेत. गटारीला, शिमग्याला, राखण द्यायच्या वेळी लोक घरी येऊन कोंबडा मागतात. गौरीला आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य, तेव्हा मुंबईकर चाकरमानी दरात घासाघीस करत नाही. फक्त म्हणतो, तुरा बघू, पाय बघू. पाय बघतात म्हणजे पिवळेजर्द गुबगुबीत असले की शेडमधला म्हणून ओळखतात. रानात फिरलेल्याचे पाय सडसडीत, नखं झिजलेली. मी साडेपाच-सहाशेला कोंबडा देतो. पण तो तयार व्हायला सहा महिने गेलेले असतात आणि दीड किलोच्या वर क्वचित भरतो. तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्या, मी विकत नाही, अंड्यावर ठेवतो.

मारेकरी दोन. एक मुंगूस. रात्री खुराड्याचं दार विसरलात तर खातो एक आणि मारतो पंधरा. दुसरी मानमोडी, म्हणजे राणीखेत. पहिल्या वर्षी लस केली नाही, शेजारच्या वाडीत साथ आली आणि दहा दिवसांत १८० चे ३१ राहिले. मान वाकडी करून गोल गोल फिरत मरतात, बघवत नाही.

आता लशीची अडचण ऐका, ही कुठल्या व्हिडिओत नसते. लासोटा ही मानमोडीची लस, तिची आमच्याकडे मिळणारी लहानात लहान कुपी १०० डोसची. कालवली की दोनेक तासांत संपवायची. तीस पिल्लांवाल्याने काय करायचं? म्हणून वाडीतल्या सात घरांनी वार ठरवलाय. एकजण दवाखान्यातून थर्मासात कुपी आणतो, बर्फ मासळीवालीकडून. सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, मग आठव्या आठवड्यात पंखाखाली आरटूबीची, म्हणजे मानमोडीच्याच दुसऱ्या लशीची सुई. तेव्हापासून मानमोडीने एकही घर रिकामं केलेलं नाही.

जात कुठली घ्यावी यात फार अडकू नका. वनराजा, गिरिराज, कावेरी, सगळे सुधारित आहेत, वाढतात बरे. पण गिऱ्हाईक त्यांना गावरान म्हणून घेत नाही, निदान आमच्याकडे. कडकनाथ तेवढा जपून. पक्षी चांगलाच आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे ‘आम्हीच अंडी विकत घेऊ, आम्हीच पक्षी घेऊ’ म्हणून लोकांकडून आधी पैसे घेतले आणि दुकान बंद झालं. माझ्या साडूचे ७५ हजार त्यात गेले. त्याच्या अंगणात नंतर काळे कोंबडे हिंडत होते आणि खाद्याला पैसे नव्हते. जो आधी तुमच्याकडून पैसे घेतो आणि नंतर माल घेईन म्हणतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. फक्त तीनशेने एकदम सुरू करू नका, पन्नास घ्या.

रविवारचा_गल्ला (डोंबिवली)

मी विकणारा, पाळणारा नाही. माझ्या बाजूचं सांगतो.

दोन किलोचा जिवंत पक्षी सोलून, साफ करून माझ्या हातात तेराशे-साडेतेराशे ग्रॅम राहतो. लोक म्हणतात फार्मवर १०० चा दर आणि तुम्ही २०० ने देता. मधली पिसं, आतडी, बर्फ, दोन पोरांचा पगार आणि वाटेत गाडीत मेलेले पक्षी कुणी मोजत नाही. हॉटेलवाल्याला तंदुरीसाठी सव्वा किलोच्या आतला पक्षी हवा, घरगुती गिऱ्हाइकाला दोनच्या आसपासचा. तीन किलोचा कुणालाच नको, तो कंपनीने उशिरा उचललेला माल असतो आणि आमच्या गळ्यात मारतात.

आठवड्याचा अर्धा धंदा रविवारी. श्रावणात तिसरा हिस्सा राहतो, नवरात्रात तसंच, मार्गशीर्षात गुरुवारी शटर उघडतच नाही. आषाढात मात्र उसंत नसते, गटारीच्या आदल्या रात्री आम्ही झोपतच नाही.

भाऊ, तुम्ही चाकणला आहात म्हणता. खोलीच्या आजूबाजूला किती चिकनची दुकानं आहेत ते मोजा आणि एखाद्यावर महिनाभर रविवारी उभे राहा. पैसे मागू नका. पक्षी कापणं, वजन करणं, गिऱ्हाईक काय बघतं हे कळेल. शेडवाल्यांना हे कधीच दिसत नाही.

मुरमाड_रान (जुन्नर)

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या बाई वही ठेवतात, आपण कांद्याची कधी ठेवली नाही.

एजंटचा फोन घेत नाही आता. शेडवर झोपायचं म्हणाल तर मीच झोपणार होतो, पण नोकरी करून ते जमणार नाही हे तुमच्या प्रश्नावरून लक्षात आलं. दोन गोष्टी विचारतो. एक, पहिल्या आठवड्यात इतकं काय असतं? सुपरवायझर म्हणाला सात दिवस सांभाळले की पुढे पक्षी आपोआप वाढतो. दुसरं, कंपनीशी करार करण्याआधी कुठला कागद बघायला मागू?

मळ्यातली_ताई (सिन्नर)

सुपरवायझर हे एक बरोबर बोलला.

पिल्लू येतं तेव्हा ४० ग्रॅमचं असतं, मुठीत मावतं. सातव्या दिवशी ते निदान चौपट भरलं पाहिजे. तिथे मागे पडलेलं पुढे भरून निघत नाही, चाळिसाव्या दिवशी काट्यावर दिसतंच. म्हणून पिल्लं यायच्या आधी ब्रूडर चार-पाच तास पेटवून तूस गरम करून ठेवायचं. वरची हवा गरम आणि तूस गार, असं असलं की पिल्लू पायाकडून गारठतं. मी तुसावर उघडी पोटरी टेकवून बघते, थर्मामीटर आहे तरी. पहिले दिवस ३५ अंशांच्या आसपास, मग हळूहळू उतरवायचं. तुसावर वर्तमानपत्र, त्यावर मक्याचा बारीक भरडा, ड्रिंकरमध्ये गुळाचं पाणी. पेटीतून काढताना पहिल्या काही पिल्लांची चोच पाण्यात बुडवायची, बाकीची बघून शिकतात.

मग रात्री नुसतं बघत बसायचं. सगळी ब्रूडरखाली गोळा होऊन चिवचिवाट करतात, म्हणजे थंडी वाजतेय. सगळी चिक गार्डच्या (पिल्लांभोवती लावलेल्या गोल कड्याच्या) कडेला पळाली, पंख सोडून बसली, म्हणजे उकडतंय. एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूचा पडदा कुठेतरी फाटलाय, वारा शिरतोय. सगळीकडे सारखी पसरली असतील आणि आवाज मंद, आपसात बोलल्यासारखा येत असेल, तर तुम्ही पाठ टेकवू शकता. दहाच्या सुमाराला वीस-पंचवीस पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी चाचपायची. भरलेली आणि मऊ हवी. रिकामी लागली तर त्याला खाद्य सापडलेलं नाही. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. एका थंडीच्या लॉटला पंधरा पिल्लांत नऊ पिशव्या कडक लागल्या. बघते तर एका ओळीतल्या ड्रिंकरना पाणीच येत नव्हतं. अकराला लाईन सोडवली, वाचले. सकाळी बघितलं असतं तर शंभरएक तरी गेली असती.

जागणं सोडून फार काही नाही त्यात. पण ते सात दिवस रोज.

कागदाचं: सुपरवायझरने दाखवलेला हिशेब बघू नका. तुमच्या तालुक्यात त्याच कंपनीच्या करारावरचे तीन शेतकरी शोधा आणि त्यांच्या मागच्या सलग पाच लॉटच्या सेटलमेंट स्लिपा, म्हणजे लॉट संपल्यावर कंपनी देते ते हिशेबाचे कागद, बघायला मागा. एक स्लिप कुणीही दाखवतो, ती चांगल्या लॉटचीच असते. स्लिपवर तीन ठिकाणी बोट ठेवा. पिल्लं टाकल्याची तारीख आणि आधीचा लॉट संपल्याची तारीख यांत किती दिवस गेले. उन्हाळ्यातल्या मरीला कपातीत सूट दिलीय का. आणि पैसे लॉट उचलल्यावर किती दिवसांनी जमा झाले. उचलताना काटा कुणाचा हेही विचारा. आमच्याकडे गाडीवरचा काटा येतो. मी माझं वीस किलोचं वजन दारात ठेवलंय, पहिला क्रेट चढायच्या आधी ते टाकून बघते. पहिल्यांदा ड्रायव्हर रागावला होता, आता स्वतःच मागतो.

सीमेवरचा (नवापूर)

उशिरा लिहितोय. इथे अजून कुणी रोगाचं मोठं बोललं नाही म्हणून. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. मी शाळेत होतो. आमच्याकडे अंड्यांचे मोठे फार्म. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, जेसीबीने काढलेले खड्डे आणि नंतर कित्येक महिने गावात कोंबड्याची बांग नाही. सकाळी उठून लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

मी आता माझी छोटी लेयर शेड, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड, चालवतो. दारात चुना आणि पाय बुडवायचं औषध, आतली चप्पल वेगळी, खाद्याच्या गाडीची चाकं फवारल्याशिवाय आत नाही. पाहुणे रागावतात. रागावू देत.

मुरमाड_रान (जुन्नर)

ठरवलंय. नोकरी चालू ठेवतो. आईला पन्नास पिल्लं आणून देतो, जाळी मी सुट्टीत मारतो. आणि रविवारी चाकणला एका चिकनवाल्याशी बोललो, तो हसला पण ये म्हणाला. शेडचं वर्षभराने बघू, तोपर्यंत तीन लाखांचे चार झाले तर कर्ज तेवढंच कमी. ताई, पुढच्या महिन्यात दोन दिवस तुमची शेड बघायला आलो तर चालेल का? पिल्लं आलेली असतील तेव्हा.

मळ्यातली_ताई (सिन्नर)

या की. पिल्लं बहुतेक १२ तारखेला येतील, आदल्या दिवशी नक्की कळवते. पहिल्याच रात्री या, दिवसा बघण्यासारखं काही नसतं. स्वेटर नका आणू, आत उकडेल. आणि त्या रविवारी चिकनच्या दुकानात उभे राहिला असाल तर त्या आठवड्यात येऊ नका, पुढच्या वेळी या. आलात की आधी आंघोळ, कपडे आमच्या ह्यांचे देते, चप्पल शेडची. जेवायला पिठलं-भाकरी मिळेल. लॉट चालू असताना आमच्या घरात कोंबडी शिजत नाही, सासूबाईंचा नियम आहे.